रोझीनची एकोणीस कार्डं

उत्तर इराकच्या कुर्दिश भागात माझं पोस्टिंग साडेपाच महिन्यांचं होतं. मी ब्रिटिश आर्मीच्या एका मेडिकल रेजिमेंटमध्ये सार्जंट होते. काम एकच होतं: कुर्दिश सैनिकांना लढाईतले प्रथमोपचार शिकवायचे. ०५३० ला उठणं, ०६३० ला नाश्ता, ०८०० ला वर्ग. वर्ग म्हणजे एक लांबट कंटेनर, त्यात चाळीस खुर्च्या आणि एक पंखा. तो पंखा माझ्याच डोक्यावर कधी फिरला नाही.

मी बारा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून लंडनमधल्या हॅरोला आलो. आई भूलतज्ज्ञ, इथल्या हॉस्पिटलमध्ये तिने आयुष्य काढलं. मी सैन्यात मेडिक म्हणून जाते म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला होता. "डॉक्टर नाही तर नाही, निदान नर्स हो गं! बँडेज बांधायला आर्मीत कशाला जायला हवं?" तिला अजूनही वाटतं की मी बँडेजच बांधत होते.

मी खरं तर लिहायला शिकवत होते. जखमी माणसाच्या अंगावर एक कार्ड लावतात. त्यावर पाच गोष्टी: कशाने लागलं, कुठे लागलं, नाडी आणि श्वास कसा आहे, काय उपचार केला, आणि किती वाजता. पुढचा डॉक्टर त्या कार्डावर विसंबून पोट उघडतो किंवा पाय कापतो. वेळ लिहिली नाही तर उपचार झालाच नाही, हे मी रोज सकाळी फळ्यावर लिहायची. 'अंदाजे' हा शब्द कुणी उच्चारला की त्याने उन्हात जाऊन वीस पुश-अप्स मारायचे. जवळ घड्याळ नसेल तर? तर दिवसातली एक ठरलेली घटना धरायची, तिला एच म्हणायचं, आणि तिथून पुढे मोजायचं. एच अधिक दहा म्हणजे त्या घटनेनंतर दहा मिनिटं. सैन्यात हल्ल्याची वेळ अशीच सांगतात.

माझं हे सगळं बोलणं कुर्दिशमध्ये सांगायची ती रोझीन. ती आमची दुभाषी, आर्मीच्या भाषेत टर्प. मूळची सीमेपलीकडच्या देशातली, फार्मसीचं शिक्षण अर्धं सोडून आलेली. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिची आई अजून तिथे राहते. कॅम्पच्या ओळखपत्रावर रोझीनचं पुरुषाचं नाव होतं आणि सगळे तिला त्याच नावाने ओळखत. तेही नाव मी लिहिणार नाही. ते तिचं नव्हतं.

ती फक्त शब्द फिरवत नसे, माझा रागही फिरवत असे. एकदा एक शिकाऊ टूर्निकेचा, रक्त थांबवायला आवळतात तो, पट्टाच खराब आहे म्हणून कुरकुरत होता. मी वैतागून मराठीत म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." रोझीनने अर्थ विचारला आणि वर्गाला असा काही सांगितला की चाळीस माणसं खुर्च्यांवरून खाली यायची राहिली. त्या माणसाचं नाव पुढे 'अंगण' असंच पडलं.

तिसऱ्या महिन्यात रेंजवर अपघात झाला. ०९०० ला गोळीबाराचा सराव सुरू झाला होता. मी नऊ मिनिटांच्या अंतरावर मेडिकल टेंटमध्ये होते.

"मेडिक वन, धिस इज रेंज. वन कॅज्युअल्टी. पिकअप उलटली. लेग, हेवी ब्लीड. ओव्हर."

"मेडिक वन, रॉजर. टूर्निके लावली का? ओव्हर."

"टर्प लावतोय. ओव्हर."

"मूव्हिंग. आउट."

मी पोचले तेव्हा रोझीन त्या सैनिकाच्या मांडीवर गुडघा टेकून बसली होती. पट्टा जिथे हवा तिथे, हवा तितका घट्ट होता. रक्त थांबलं होतं. तिचं घड्याळ गाडीखाली चुरडलं होतं, म्हणून कार्डावर वेळ होती एच अधिक १५. एच म्हणजे सरावाचा पहिला बार. आणि कार्डाच्या तळाशी तिने एक ओळ स्वतःची घातली होती: 'मागितलं: माझी टोपी कुठे आहे.'

"हे काय?" मी विचारलं.

"तो सारखा विचारत होता."

"कार्डावर याला जागा नाही."

"मग जागा करू. सार्ज, माणूस काय मागतो तेही लक्षणच ना?"

मी ती ओळ खोडली नाही. त्या सैनिकाचा पाय वाचला. हॉस्पिटलने स्वतःचे कागद केले आणि कार्ड परत पाठवलं. नियमाप्रमाणे ते मी फाइलला लावायला हवं होतं. मी ते माझ्या वहीत ठेवलं.

अपघाताच्याच संध्याकाळी आम्ही दोघी बॅगेत बँडेज भरत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "सार्ज, माझं खरं नाव रोझीन आहे. मी बाई आहे. इथे कुणाला सांगू नका."

"बरं. रोझीन. उद्या आठला वर्ग."

"एवढंच?"

"नाव कळलं म्हणून वर्गाची वेळ कशी बदलेल?"

ती हसली, आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिली. मी बँडेज मोजत राहिले. ते मला जमतं.

आमच्याकडे एक रीत आहे. तुकडी परत निघाली की प्रत्येक दुभाष्याला सर्टिफिकेट द्यायचं. वर रेजिमेंटचं चिन्ह, खाली कमांडरची सही, मध्ये आभाराच्या चार ओळी. टायपिंग माझ्याकडे होतं. रोझीनने विचारलं, "माझ्या कागदावर रोझीन लिहाल?" मी दोन केले. ओळखपत्राच्या नावाचा फाइलसाठी, रोझीन नावाचा तिच्यासाठी, वर तिचा फोटो. कमांडरने गठ्ठ्यातले सगळे कागद न वाचता सही करून दिले. तिथे धूळ फार, म्हणून मी तिचा कागद लॅमिनेट केला. "आता फाटणार नाही," मी म्हटलं. त्या वाक्याचा मला किती अभिमान वाटला होता!

मी परतले. वर्षभर तिची ईमेल येत होती, मग थांबली. मी आर्मी सोडली आणि मिल्टन कीन्सला राहू लागले. तिथल्या वेअरहाउसमधल्या लोकांना फर्स्ट एड शिकवते. सगळे गाडीने येतात, मी रेडवेवरून, इथल्या पायी आणि सायकलने जायच्या लाल वाटेवरून, चालत जाते. अशाच एका सकाळी लंडनच्या एका सॉलिसिटरचं पत्र आलं. तिची अशील हेलिन नावाची कुर्दिश ट्रान्स स्त्री होती. तिचा असायलमचा, आश्रय मागण्याचा, अर्ज फेटाळला गेला होता. तिच्याकडे एकोणीस कार्डं होती, आणि ती लिहिणारीने सांगून ठेवलं होतं: इंग्लंडला पोचलीस तर सार्जंट पेठेंना शोध. आर्मीतल्या जुन्या ओळखींतून सॉलिसिटरने माझा पत्ता काढला होता.

रविवारी दुपारी मी दोघींना हॅरोला आईकडे बोलावलं. हेलिन तिशीची असेल. पूर्वी केशभूषा करायची. सोफ्याच्या कडेला अशी बसली की उठायला वेळ लागू नये. आईने पोह्यांची बशी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "यू ईट फर्स्ट. बोलणं नंतर."

नंतर हेलिन बोलली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण शब्द अचूक निवडलेले.

रोझीनची आई आजारी पडली म्हणून रोझीन सीमा ओलांडून घरी निघाली होती. सर्टिफिकेट सोबत होतं. ते का नेलं, हा प्रश्न पुढे मला सगळ्यांनी विचारला. अख्ख्या जगात तिचं नाव लिहिलेला तो एकच कागद होता, म्हणून नेलं. चेकपोस्टवर झडती सुरू झाली तशी तिने तो तोंडात घातला, चावून गिळायला. कागद असता तर गिळला असता. प्लास्टिक चावलं जाईना. शिपायाने तिच्या दातांतून ते ओढून काढलं. तो हसत होता, असं रोझीनने हेलिनला सांगितलं होतं.

मी उठून किचनमध्ये गेले. नळ सोडला. बंद केला. परत आले.

आरोप लागले: परकीय सैन्याची हेर, फुटीरतावादी, आणि वर समाजाला बिघडवणारी विकृती. ज्या राज्याने कुर्दांची गावं रिकामी केली, त्यांची भाषा शाळांतून काढली, त्यांच्या मोर्च्यांवर गोळ्या चालवल्या, ते राज्य एका दुभाषीला शांततेचा शत्रू म्हणत होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तिला पुरुषांच्या तुरुंगात टाकलं. तिथे ट्रान्स कैद्यांसाठी वेगळी कोठडी होती. कागदोपत्री ती 'त्यांच्या संरक्षणासाठी' होती. हेलिनला एका मोर्च्यात पकडून तिथेच आणलं होतं. आल्या आल्या सगळ्यांचं डोकं भादरलं. औषधं काढून घेतली. हजेरीला प्रत्येकीला जुन्या नावाने पुकारायचे, आणि 'हजर' म्हटलं नाही की मार. आपसात कुर्दिश बोलल्या की मार. मार देणारे पगारी होते, त्यांच्या शिफ्टा होत्या, आणि मधल्या वेळात ते चहा प्यायचे. हे कुण्या माथेफिरूचं काम नव्हतं. हे सरकारी काम होतं.

त्या कोठडीत रोझीनने कार्डं लिहायला सुरुवात केली. सिगरेटच्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर, पेन्सिलीच्या बोटभर तुकड्याने, इंग्रजीत. इंग्रजीत अशासाठी की पहारेकऱ्यांना पटकन वाचता येऊ नये. प्रत्येक मारानंतर एक कार्ड. कशाने, कुठे, नाडी, श्वास, उपचार, वेळ. हेलिन सुटली तेव्हा ती सगळी तिने बुटाच्या तळव्यात शिवून बाहेर काढली.

सॉलिसिटरने ती टेबलावर मांडली. अक्षर मी लगेच ओळखलं.

'लाकडी दांडा. डावा हात, मनगटाच्या वर. नाडी ११०. पुठ्ठ्याची पट्टी बांधली. एच अधिक ४०. मागितलं: खिडकीजवळची जागा.'

'बूट. बरगड्या, उजवीकडे. श्वास उथळ. बसवून ठेवलं. एच अधिक ९५. मागितलं: बहिणीचा नंबर कुणीतरी पाठ करा.'

प्रत्येक कार्डाच्या तळाशी ती जास्तीची ओळ होती. मी चिडले होते त्या ओळीवर!

एकोणिसावं कार्ड वेगळ्या अक्षरात होतं. हेलिनच्या. जखमी म्हणून फक्त 'आर' लिहिलं होतं. बूट, पोट, एच अधिक ५. नाडी १३०, मग १४०, मग हाताला लागत नाही. पोट कडक. अंग गार. पाय उंच केले, ब्लँकेट दिलं, दार पाच वेळा वाजवलं, कुणी आलं नाही. दर थोड्या वेळाने एक नोंद. रोझीन स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून नाडी सांगत होती आणि हेलिन लिहीत होती. शेवटची नोंद एच अधिक सहा तास. तुरुंगाकडून उपचार काय, तर काहीच नाही.

आईने चष्मा लावून ते कार्ड दोनदा वाचलं.  

"ही बेली ब्लीड आहे गं. पोटात रक्तस्राव. सहा तास? पहिल्या तासात थिएटरला घेतलं असतं तर मी तिला झोपवलं असतं आणि उठवलंही असतं. कुठल्याही साध्या हॉस्पिटलने वाचवलं असतं. सहा तास त्या दाराबाहेर काय करत होते ते लोक?"

"चहा पीत होते," हेलिन म्हणाली. प्रश्न मराठीत होता, पण 'सहा तास' म्हणताना आईने दाराकडे दाखवलेलं बोट तिला पुरे झालं.

तुरुंगाच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण होतं: हृदयविकार, नैसर्गिक. नाव अर्थातच जुनं.

तळाच्या ओळीवर हेलिनने लिहिलं होतं, 'मागितलं: बरोबर वेळ.' मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "शेवटी मी तिला सांगितलं, अंदाजे सहा तास झाले. ती म्हणाली, अंदाजे नको. बरोबर वेळ सांग. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, सार्ज."

या देशाच्या सरकारी खात्याने हेलिनला पाठवलेलं नकाराचं पत्र मग मी वाचलं. नोंदी कैद्याच्या मानाने जास्तच व्यवस्थित आहेत. 'एच' ही खूण कशाची ते स्पष्ट नाही. कोठडीत घड्याळ नसताना मिनिटांचा हिशेब संशयास्पद. रोझीन नावाच्या कैद्याची त्या देशाकडे नोंद नाही. सबब कार्डं बनावट, अर्जदार अविश्वसनीय, परत पाठवण्यास हरकत नाही. परत म्हणजे कुठे? त्याच दारामागे. मी त्या गणवेशात बारा वर्षं काढली. इतकी लाज मला त्याची कधीच वाटली नव्हती.

अपिलाची सुनावणी १००० ला होती. मी ०९१५ ला पोचले. ब्लेझर, पदकं, पॉलिश केलेले बूट. बिनखिडकीची खोली, न्यायाधीश बाई, सरकारी बाजूचा एक तरुण अधिकारी, हेलिनशेजारी कुर्दिश दुभाषी. १०४० ला मला बोलावलं.

"सार्जंट पेठे, 'एच' म्हणजे काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. मग हेलिनला विचारलं गेलं की कोठडीत एच काय होता. ती म्हणाली, सकाळची हजेरी. रोज भोंगा वाजायचा, एक दिवस चुकला नाही. तिथून पुढे त्या आळीपाळीने आपली नाडी मोजून वेळ धरायच्या.

"पण ही पद्धत इंटरनेटवर आहे," अधिकारी म्हणाला. "कार्डाचा नमुनाही आहे. हे कुणीही बनवू शकेल."

"तळाची ओळ वाचा," मी म्हटलं.

"'मागितलं.' बरं, मग?"

"ही ओळ इंटरनेटवर नाही. आमच्या आर्मीच्या कार्डावर नाही. कुठल्याच आर्मीच्या कार्डावर मी पाहिलेली नाही. ती एकाच व्यक्तीने घातली, मी नको म्हणत असताना."

मी वही काढली. रेंजवरचं कार्ड अजून त्यातच होतं, कडेला तपकिरी झालेल्या डागासकट. एच अधिक १५. मागितलं: माझी टोपी कुठे आहे. सॉलिसिटरने ते आधीच दाखल केलं होतं, पण मूळ कार्ड न्यायाधीशांनी हातात मागितलं. त्यांनी ते आणि पाकिटांचे तुकडे शेजारी ठेवले. 

अधिकाऱ्याने शेवटचा प्रश्न विचारला. "हे कार्ड तुम्ही नियमाप्रमाणे जमा का केलं नाही?"

"चूक झाली, सर. त्या पोस्टिंगमध्ये मी दोन चुका केल्या. ही त्यातली चांगली."

दुसरी कोणती, ते न्यायाधीशांनी विचारलं. मी सर्टिफिकेटचं सांगितलं. माझा आवाज सरळ राहिला. बाहेर आल्यावर मात्र मी टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीवर मूठ आपटली. दोन बोटं सुजली. वेळ ११२५.

पाच आठवड्यांनी निकाल आला. हेलिनला राहता येणार होतं. निकालाच्या सहाव्या पानावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं की कार्डं खरी आहेत, ती रोझीन नावाच्या स्त्रीने लिहिली, आणि ती स्त्री त्या राज्याच्या कैदेत, उपचार नाकारल्यामुळे मरण पावली.

हेलिन ते सहावं पान घेऊन माझ्या घरी आली. "सार्ज, हे लॅमिनेट कर."

"ते मला नाही जमणार."

"जमेल. मला इथे काही गिळावं लागणार नाही."

मशीन वेअरहाउसच्या ऑफिसात होतं. प्लास्टिक गरम झाल्याचा वास तोच होता. पान बाहेर येईपर्यंत हेलिनने माझा हात धरून ठेवला.

ज्यांनी मारलं त्यांना काही झालेलं नाही. ते अजून कामावर असतील. कुणाला बढतीही मिळाली असेल. मला समजूतदारपणे वागायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आईदेखील म्हणते, "ब्लड प्रेशर सांभाळ." मी गोळी घेते. राग ठेवते.

नोव्हेंबरात रिमेंब्रन्स संडेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, आम्ही तिघी हॅरोच्या युद्धस्मारकापाशी उभ्या होतो. बरोबर ११०० ला बिगुल वाजलं. दोन मिनिटं शांतता. मग एका निवृत्त मेजरने नावं वाचली. रोझीन त्या यादीत असणं शक्य नव्हतं. ती ब्रिटिश नव्हती, सैनिक नव्हती, आणि ज्या युद्धात ती मारली गेली त्याला कुणी युद्ध म्हणत नाही. मेजरने कागदाची घडी केली. मी एक पाऊल पुढे टाकलं, सावधान उभी राहिले आणि परेडवर देतात तशा आवाजात नाव घेतलं.

"रोझीन!"

काही माना वळल्या. मेजरने माझ्या पदकांकडे पाहिलं.

मागून हेलिनने माझी बाही ओढली. तिच्या हातात सिगरेटच्या पाकिटाचा तुकडा आणि पेन होतं.

"सार्ज, किती वाजले? अंदाजे नको."

मी घड्याळ पाहिलं.

"अकरा वाजून सात मिनिटं."

तिने ते लिहून घेतलं.